रिफर्बिश्ड डिजिटल कॅमेरा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा तपासून घ्यावा

रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विक्रीस आणलेले, म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मागे अगदी निरनिराळे इतिहास असू शकतात. एखादा कॅमेरा ग्राहकाने आठवड्याभरात परत केलेला असतो, एखादा दुकानाच्या काचेच्या कपाटात वर्षभर नमुना म्हणून राहिलेला असतो, एखाद्यात खरोखरच दोष निघून सर्व्हिस सेंटरमध्ये त्याचा भाग बदललेला असतो, तर एखाद्याने लग्नाचे चार हंगाम काढल्यानंतर दुकानदाराने त्याचे रबर बदलून, बॉडी पुसून तो नव्या खोक्यात घातलेला असतो. लेबल मात्र चौघांवर एकच लागते. साध्या सेकंड हँड कॅमेऱ्यापेक्षा येथे जे काही हजार रुपये जास्त मोजायचे, ते तपासणी कोणी केली, कोणते भाग बदलले आणि किती महिन्यांची वॉरंटी लेखी मिळते या तीन प्रश्नांच्या उत्तरांसाठी मोजायचे असतात. ही उत्तरे मिळत नसतील तर तो कॅमेरा केवळ वापरलेला समजावा आणि वापरलेल्याच्याच भावात मागावा.

आधी हिशेब

समजा, एका बॉडीची (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची) नवी किंमत ६०,००० रुपये आहे आणि तीच बॉडी रिफर्बिश्ड स्वरूपात ४५,००० रुपयांना मिळते आहे. पंधरा हजारांची बचत डोळ्यांत भरते. परंतु सोबत आलेली बॅटरी डुप्लिकेट असेल तर अस्सल बॅटरीचे चार-साडेचार हजार, सेन्सरच्या साफसफाईचे हजार-दीड हजार आणि पट्टा, चार्जर, आयकप अशा किरकोळ वस्तूंचे काही शे रुपये वजा केले की हातात जेमतेम नऊ हजार उरतात. म्हणजे नव्या किमतीच्या १५ टक्के बचतीसाठी आपण मोठी वॉरंटी सोडून सहा महिन्यांची स्वीकारतो. माझ्या मते असा व्यवहार करू नये. जे मॉडेल अजून नवे मिळते आहे, त्यात सगळे खर्च वजा जाता किमान पाव किंमत वाचत असेल तरच रिफर्बिश्डचा विचार करावा.

खरा फायदा दुसरीकडे असतो. ज्या पैशांत नवशिक्यांसाठीची नवी बॉडी मिळते, त्याच पैशांत एक पायरी वरची बॉडी घेता येते. नायकॉनच्या डी५६०० आणि डी७५०० या दोन्हींत सेन्सर (चित्र टिपणारी चकती) एपीएस-सी या एकाच आकाराचा आहे. पण डी७५०० मध्ये दोन कंट्रोल डायल, अधिक उजळ व्ह्यूफाइंडर आणि जुन्या लेन्सही फोकस करू शकणारी मोटर आहे. नवशिक्याला हा फरक पहिल्या दिवशी कळत नाही, सहा महिन्यांनी कळतो. बंद झालेली पण अजूनही उत्तम छायाचित्रे देणारी मॉडेल तर याच मार्गाने मिळतात. शिवाय नव्या वस्तूच्या किमतीतील पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असल्यामुळे पुढे विकताना आपले नुकसान तुलनेने कमी होते.

काही गरजांसाठी मात्र हा मार्ग टाळावा. ज्याचा चरितार्थ एकाच बॉडीवर चालतो आणि दुसरी बॉडी हाताशी नाही, त्याने ऐन मुहूर्तावर बंद पडू शकणारी वस्तू घेऊ नये. ज्याला स्वतःला तपासणी जमणार नाही अशा व्यक्तीला भेट म्हणूनही हा कॅमेरा देऊ नये. बाहेर येणाऱ्या झूम लेन्सचे लहान कॉम्पॅक्ट कॅमेरे रिफर्बिश्ड घेताना तर दुप्पट सावध असावे, कारण लेन्सच्या यंत्रणेत धूळ किंवा वाळूचे कण शिरले की दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर जातो. सध्या तरुण मंडळींमध्ये वीस वर्षांपूर्वीच्या अशा कॅमेऱ्यांची हौस पुन्हा आली आहे. हौस ठीक आहे, पण त्यांतील कित्येक कॅमेऱ्यांना एक्सडी किंवा जुन्या मेमरी स्टिकसारखी कार्डे लागतात आणि ती आता सहज मिळत नाहीत.

मॉडेलची चौकशी

विशिष्ट नगाकडे पाहण्याआधी त्या मॉडेलचा इतिहास वाचावा. नायकॉनचा डी६०० २०१२ साली आला आणि लवकरच त्याच्या सेन्सरवर धूळ व तेलाचे ठिपके जमत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. २०१३ मध्ये कंपनीने डी६१० आणला आणि २०१४ मध्ये डी६०० ची तपासणी, सफाई व शटर बदलणे मोफत करण्याची घोषणा वॉरंटी संपलेल्या ग्राहकांसाठीही केली. त्यामुळे आज बाजारात दिसणारा, शटर बदलल्याची पावती सोबत असलेला डी६०० हा कधीच न उघडलेल्या डी६०० पेक्षा चांगला ठरतो. पुढे डी७५० च्या काही नगांसाठीही शटर मोफत बदलण्याची सूचना कंपनीने काढली होती. मॉडेलचे नाव आणि ‘सर्व्हिस ॲडव्हायझरी’ हे शब्द इंटरनेटवर शोधले की अशी माहिती दहा मिनिटांत मिळते.

दुसरा प्रश्न माउंटचा, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते त्या जोडणीचा, आणि तो बॉडीपेक्षाही दूरचा परिणाम करणारा आहे. कॅननने ईएफ माउंट १९८७ पासून आणि नायकॉनने एफ माउंट १९५९ पासून वापरला, त्यामुळे या दोन्हींच्या जुन्या लेन्स बाजारात भरपूर मिळतात. २०१८ नंतर दोन्ही कंपन्यांचे लक्ष आरएफ आणि झेड या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या माउंटांकडे वळले असले, तरी ईएफ लेन्स ॲडॉप्टरने आरएफ बॉडीवर व्यवस्थित चालतात. याउलट कॅननचा ईएफ-एम, नायकॉन १ आणि सोनीचा ए माउंट या मालिका बंद झाल्या आहेत. त्यांच्या बॉडी स्वस्त दिसतात त्या यामुळेच. ज्याला कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवरच समाधान मानायचे आहे त्याने त्या खुशाल घ्याव्यात. पुढे टेलिफोटो किंवा मॅक्रो घेण्याचा विचार असणाऱ्याने घेऊ नयेत. नायकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसते, म्हणून घरात वडिलांची जुनी एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेली) लेन्स पडून आहे या आशेवर या बॉडी घेतल्या तर फोकस हाताने करावा लागेल.

कोणाकडून घ्यावा

अमेरिकेत कॅनन आणि नायकॉन आपले रिफर्बिश्ड कॅमेरे स्वतः विकतात, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांकरवी तो मागवण्याचा मोह अनेकांना होतो. ती वॉरंटी त्या देशापुरतीच असते आणि येथील सर्व्हिस सेंटर दुरुस्तीचे पूर्ण पैसे घेते, हे धरूनच त्या किमतीकडे पाहावे. ग्रे मार्केटमधून, म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून, आलेल्या कॅमेऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनवलेल्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत मेनू केवळ जपानी भाषेत असतो आणि तो साध्या मार्गाने बदलता येत नाही. म्हणून सोनी घेताना भाषेचा पर्याय आधी उघडून पाहावा.

ऑनलाइन घेताना दर्जासाठी लावलेली ‘उत्तम’, ‘छान’, ‘ए प्लस’ अशी विशेषणे बाजूला ठेवून परताव्याची मुदत किती दिवसांची आहे आणि परतीचा खर्च कोणाचा, हे वाचावे. छायाचित्रे त्याच नगाची आहेत की नमुन्याची, तेही विचारावे. मुंबईत फोर्टमधील बोरा बझारच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने आणि दुरुस्ती करणारे कारागीर पूर्वीपासून आहेत. तेथे वस्तू हातात घेऊन पाहता येते, दोन दुकानांत भाव काढता येतो आणि एखाद्या जुन्या कारागिराला थोडे पैसे देऊन आपल्यासाठी तपासणीही करून घेता येते. जो दुकानदार तपासायला अर्धा तासही देत नाही, त्याच्याकडून स्वस्तातही घेऊ नये.

बॉडीची तपासणी

जाताना स्वतःचे मेमरी कार्ड, लहान एलईडी टॉर्च, एक फूटपट्टी आणि शक्य असल्यास लॅपटॉप न्यावा. कॅमेऱ्यात आधीपासून असलेल्या कार्डावर तपासणी करू नये.

पहिली बाब म्हणजे शटर काउंट, अर्थात शटर आजवर किती वेळा उघडले-मिटले त्याची गणना. नायकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमधील एक्झिफ या तांत्रिक माहितीत नोंदला जातो. एक फोटो काढून ती फाइल एक्झिफटूलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली की तो दिसतो. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो फाइलमध्ये येत नाही, त्यामुळे केबल जोडून विशेष सॉफ्टवेअरने किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये वाचून घ्यावा लागतो. डी३५०० चे शटर १ लाख, डी७५०० आणि कॅनन ५डी मार्क फोर यांचे दीड लाख, तर डी८५० चे २ लाख वेळा उघडझाप करण्याच्या चाचणीतून गेलेले असते. हा आकडा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. काही शटर त्याआधी जातात, काही दुप्पट चालतात. तरी भाव ठरवताना त्याचा उपयोग होतो. काउंट या आकड्याच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर निश्चिंतपणे पुढे जावे, आणि दोन तृतीयांशाच्या वर गेला असेल तर शटर बदलण्याचा खर्च सर्व्हिस सेंटरला विचारून तो किमतीतून कमी करून मागावा.

आपल्याकडे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण वापरलेल्या चांगल्या बॉडींचा मोठा वाटा लग्नाच्या छायाचित्रकारांकडून येतो. एका लग्नात अडीच हजार फ्रेम आणि वर्षाला चाळीस लग्ने धरली तर एका वर्षात १ लाखाचा आकडा गाठला जातो. म्हणून ‘फक्त दोन वर्षे वापरलेला’ या वाक्याला अर्थ नसतो. दोन वर्षांत २ लाख फ्रेमही निघालेल्या असू शकतात आणि घरातल्या वाढदिवसांच्या तीन हजारही. उलट, जुन्या मॉडेलवर काउंट संशय यावा इतका कमी दिसला तर शटर बदलून गणना शून्यावर आणली आहे का, हे विचारावे. बदलले असेल आणि पावती असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे.

मिररलेस कॅमेऱ्यांत हा आकडा अपुरा पडतो. इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फ्रेममुळे यांत्रिक शटर झिजत नाही, आणि नायकॉनच्या झेड९ व झेड८ मध्ये तर यांत्रिक शटर नाहीच. शिवाय तासन्‌तास व्हिडिओ चित्रित केल्यामुळे सेन्सर आणि सर्किट जे तापते त्याची नोंद कोणत्याच काउंटमध्ये होत नाही. अशा बॉडीत एचडीएमआयचे तोंड सैल झाले आहे का आणि खाली ट्रायपॉडच्या स्क्रूभोवतीचा रंग उडाला आहे का, यावरून व्हिडिओच्या वापराचा अंदाज येतो.

त्यानंतर सेन्सर. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/१६ किंवा एफ/२२, आयएसओ १०० ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढावा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे पाहावेत. अस्पष्ट राखाडी ठिपके धुळीचे असतात आणि ते साफ होतात. ओरखडा किंवा साफ न होणारा डाग असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. मग लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचे एक्स्पोजर घ्यावे. काळ्या फ्रेममध्ये चार-दोन रंगीत ठिपके असणे स्वाभाविक आहे, ठिपक्यांची चांदणी दिसली तर नाही. आणखी एक खूण अलीकडे पाहावी लागते. मिरवणुका, डीजे आणि लग्नाच्या मंचावर वापरल्या जाणाऱ्या लेसर दिव्यांचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सरवर कायमची इजा होते. फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी बारीक रंगीत रेघ किंवा एकाच जागी राहणारा चमकदार डाग दिसला तर तो सेन्सर गेला, कारण त्यावर सेन्सर बदलण्याशिवाय उपाय नाही. ही रेघ अंधाऱ्या आणि उजेडी, दोन्ही फ्रेममध्ये शोधावी.

डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) फोकस तपासण्यासाठी फूटपट्टी टेबलावर तिरकी ठेवून, ॲपर्चर पूर्ण उघडून, मधल्या एका आकड्यावर फोकस करावा. धारदारपणा त्या आकड्याच्या पुढे किंवा मागे सातत्याने सरकत असेल तर बॉडी किंवा लेन्स यांपैकी एकात दोष आहे. कॅनन ८०डी, नायकॉन डी७५०० अशा बॉडींत मेनूमधून थोडी दुरुस्ती करता येते. डी३५०० किंवा १५००डी मध्ये ती सोय नाही.

उरलेल्या गोष्टी झटपट होतात. प्रत्येक बटण दाबावे, दोन्ही कार्ड स्लॉट वापरून पाहावेत, फ्लॅश उडवावा, माउंटच्या धातूवर आणि स्क्रूंवर पेचकसाच्या खुणा शोधाव्यात. हॉट शूवर (बाहेरचा फ्लॅश बसवण्याच्या खाचेवर) हिरवट किंवा पांढरट गंज असेल तर कॅमेरा खाऱ्या हवेत राहिला आहे, आणि आतही तसेच असण्याची शक्यता गृहीत धरावी. बॅटरीची अवस्था अनेक बॉडींत मेनूमध्येच दिसते. नायकॉन ० ते ४ अशा आकड्यांत तिचे वय सांगतो, त्यात ० म्हणजे नवी. कॅनन हीच माहिती तीन चौकोनांनी दाखवतो. शेवटी मेनूमधील कॉपीराइटची नोंद उघडावी. तेथे एखाद्या भलत्याच स्टुडिओचे नाव दिसले तर विक्रेत्याकडे त्याचा खुलासा मागावा, कारण चोरीचा माल विकत घेणाऱ्यालाही पोलिसांच्या चौकशीला सामोरे जावे लागते.

लेन्स आणि बुरशी

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या हवेत बॉडीपेक्षा लेन्सची काळजी अधिक वाटली पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, ज्याला दुकानदार फंगस म्हणतात. ती काचेवरच्या कोटिंगवर वाढते आणि जुनी झाली की कोटिंग कायमचे खाते. त्यानंतर सफाई केली तरी तिचा माग काचेवर राहतो.

तपासणीसाठी दोन्ही झाकणे काढून, ॲपर्चर उघडे ठेवून, लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरावा आणि पुढून पाहावे. मग उलट बाजूनेही पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखे धुके पसरलेले दिसले तर ती हेझ, जिच्यामुळे उजेडासमोर काढलेल्या फोटोत फिकेपणा येतो. सुटे धूलिकण मात्र जवळजवळ प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये असतात आणि त्यांचा छायाचित्रावर परिणाम होत नाही, त्यामुळे टॉर्चच्या प्रखर उजेडात ते दिसले म्हणून घाबरून चांगली लेन्स सोडू नये. काठावर बुरशीचा एखादा ताजा ठिपका असेल आणि सफाईचा खर्च विक्रेता सोसणार असेल तर विचार करता येतो. मधल्या काचांमध्ये पसरलेली बुरशी असेल तर घेऊ नये, कारण त्या काचा उघडून पुन्हा अचूक बसवणे प्रत्येक कारागिराला जमत नाही.

झूमची कडी फिरवताना कचकच जाणवली तर आत वाळू आहे. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा समांतर धरून घेतलेल्या फोटोत एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर आली तर लेन्स पडून तिची काच सरकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. १८-५५ किट लेन्स अशा दोषासह आली तर ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा केवळ बॉडीचा भाव ठरवून लेन्स दुकानदाराकडेच ठेवणे परवडते.

कागद आणि कायदा

बिलावर मॉडेल, बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर, ‘रिफर्बिश्ड’ हा उल्लेख, वॉरंटीचे महिने आणि ती कोण देणार, हे सारे लिहून घ्यावे. वॉरंटी शटरला लागू आहे की नाही, हा एक प्रश्न वेगळा विचारावा. अनेकदा वगळलेल्या भागांच्या यादीत नेमके तेच असते. व्यवसायासाठी घेणाऱ्यांनी हेही पाहावे की जुन्या मालाचा विक्रेता मार्जिन योजनेखाली फक्त आपल्या नफ्यावर जीएसटी भरत असेल, तर त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळेल की नाही ते आधी विचारून घ्यावे.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ वाचून अनेक ग्राहक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. अर्थात जो दोष बिलावर लिहून सांगितला होता, त्याची तक्रार नंतर टिकत नाही. म्हणून बिलावर काय लिहिले जाते आहे ते सही करण्याआधी वाचावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. स्वयंरोजगार म्हणून पोटापाण्यासाठी कॅमेरा घेणारा छायाचित्रकारही या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक आहे. एखाद्या खासगी व्यक्तीकडून परस्पर घेतलेल्या कॅमेऱ्याला मात्र हे संरक्षण मिळेल असे समजू नये, आणि दुकानाचा भाव थोडा जास्त असण्याचे समर्थन मला येथेच दिसते.

परताव्याच्या मुदतीतील दिवस

ऑनलाइन आलेले खोके उघडताना सलग व्हिडिओ घ्यावा आणि त्यात सिरियल नंबर स्पष्ट दिसू द्यावा. वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या पहिल्याच दिवशी कराव्यात, आणि त्यानंतरचे दिवस कॅमेरा कपाटात न ठेवता राबवावा. सलग अर्धा तास व्हिडिओ चालवून तो तापून बंद पडतो का ते पाहावे. एका चार्जवर पाच-सहाशे फ्रेम सलग काढाव्यात, कारण काही दोष बॉडी गरम झाल्यावरच उघड होतात. संध्याकाळच्या कमी उजेडात फोकस चाचपडतो का, कार्ड भरत आले की लिहिण्यात चूक येते का, वायफायने फोन जोडला जातो का, हेही याच काळात तपासावे. खोके, पॅकिंग आणि पिशव्या मुदत संपेपर्यंत फेकू नयेत.

दोष आढळला तर फोनवर बोलून थांबू नये. त्याच दिवशी फोटोसह ईमेल करावा आणि त्यात दुरुस्ती हवी, बदली हवी की पैसे परत हवेत ते स्पष्ट लिहावे. पहिल्याच आठवड्यात निघालेल्या दोषासाठी दुरुस्ती स्वीकारू नये, पैसे परत मागावेत, असा माझा सल्ला राहील. दुरुस्तीच्या नावाखाली कॅमेरा तीन आठवडे दुकानात राहिला की परताव्याची मुदत उलटून जाते.